आंतर्द्रव्यजालिकेची मिरवणूक

मुकुंदवाडीच्या पुढं, चिकलठाण्याच्या कारखान्यांना लागून एक पत्र्याची शाळा होती. शिपायाचं घड्याळ कायम मागं पडायचं, म्हणून तिथले तास घंटेपेक्षा कारखान्याच्या भोंग्यावरच जास्त चालायचे. या शाळेत बन्सी हिवराळे नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे. वय बत्तीसच्या आसपास, आवाज खणखणीत, फळ्यावरची चित्रं मात्र जेमतेम.

त्र्याण्णव सालचा डिसेंबर होता. बन्सी सरांनी फळ्यावर एक मोठा गोल काढला, त्यात एक छोटा गोल काढला. मोठा गोल म्हणजे पेशी, छोटा गोल म्हणजे तिचं केंद्रक. मग केंद्रकाच्या बाजूला चार-पाच वाकड्या रेघा ओढल्या आणि सांगितलं, "ही आंतर्द्रव्यजालिका. नळ्यांचं जाळं. लिहून घ्या."

सगळा वर्ग लिहायला लागला. नसीम शेख तेवढी हात वर करून उभी राहिली. नसीमचे वडील कारखान्यात वेल्डर होते आणि घरी रोज कशाचा ना कशाचा आकार काढून दाखवायचे. त्यामुळं तिला गोष्टी हाताला लागल्याशिवाय पटत नसत.

"सर, ये जाली हय क्या पाइप हय?"

"म्हणजे?"

"नाव जालिका आहे. तुम्ही म्हणता नळ्या. आन् चित्रात तर नुस्त्या रेघा हायेत. मग ती खरीखुरी कशी दिसते?"

बन्सी सरांनी फळ्याकडं पाहिलं. दहा वर्षं ते ह्याच रेघा काढत होते. त्यांच्या सरांनी त्यांना ह्याच रेघा काढून दाखवल्या होत्या. त्या रेघा कशाच्या, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

"शनिवारी सांगतो," ते म्हणाले.

शाळेतली पुस्तकं चाळून झाली. सगळीकडं त्याच रेघा होत्या. शेवटी शुक्रवारी अर्धी रजा टाकून ते विद्यापीठाकडं निघाले.

विद्यापीठाचं गेट त्यांना पाठ होतं. अठ्ठ्याहत्तर साली ह्याच विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीत गावातलं घर जळालं, तेव्हा आई कडूबाईचा हात धरून ते शहरात आले होते. त्यानंतर ह्या गेटवर त्यांनी किती घोषणा दिल्या, किती वेळा पोलिसांच्या गाडीत बसले, याचा हिशोब नव्हता. पण त्यांचं शिक्षण शहरातल्या कॉलेजात झालं. गेटच्या आत, जिथं वर्ग आणि प्रयोगशाळा होत्या, तिथं जायचं काम कधी पडलंच नव्हतं.

नामांतराचा निर्णय होणार अशी कुणकुण लागल्यानं गेटवर बंदोबस्त होता. एका हवालदारानं त्यांची सायकल अडवली.

"कुठं निघाले?"

"प्राणिशास्त्र विभागात."

"निवेदन द्यायचंय?"

"नाही हो. आंतर्द्रव्यजालिका बघायचीय."

हवालदारानं तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. बन्सी सरांनी पुन्हा म्हटला. एवढा लांब शब्द तोंडपाठ करून कुणी दगड मारायला येत नाही, असं त्याला वाटलं असावं. त्यानं सायकल सोडली.

विभागात प्राध्यापक सर्जेराव तौर नावाचे एक शांत गृहस्थ होते. बन्सी सरांचा प्रश्न त्यांनी ऐकून घेतला आणि कपाटातून एक मोठा, काळापांढरा फोटो काढून टेबलावर ठेवला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेला, स्वादुपिंडाच्या एका पेशीचा. फोटोत एकाशेजारी एक अशा जोडीजोडीनं चाललेल्या रेघा होत्या आणि रेघांच्या कडेला बारीक काळे ठिपके.

"ह्यातबी रेघाच आहेत की," बन्सी सर हिरमुसून म्हणाले.

"कोबी कापलाय का कधी?" तौर सरांनी विचारलं.

"हो."

"कापल्यावर आत काय दिसतं?"

"रेघा," बन्सी सर म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. "पण त्या पानांच्या असतात."

"तेच. हा पेशीचा काप आहे. कापात रेघ दिसते, प्रत्यक्षात ते पान असतं. पातळ पडद्याच्या चपट्या पिशव्या, एकावर एक घातलेल्या. आतून पोकळ. आणि सगळ्यात गंमत म्हणजे हे सुटे तुकडे नाहीत. केंद्रकाच्या बाहेरच्या आवरणापासून निघालेला हा एकच सलग पडदा आहे. घड्या पडत पडत पेशीभर पसरलेला. काही ठिकाणी तो चपटा असतो, त्याला ठिपके चिकटलेले असतात, ती खडबडीत जालिका. पुढं त्याच्याच नळ्या होतात, तिथं ठिपके नसतात. ती गुळगुळीत."

बन्सी सर बराच वेळ तो फोटो पाहत बसले. दहा वर्षं आपण ज्याला रेघ म्हणत होतो ती एका घडीची कड होती, हे कळल्यावर त्यांना लाज वाटण्याऐवजी फार आनंद झाला. निघताना तौर सर म्हणाले, "जानेवारीत जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. मी परीक्षकांमध्ये आहे. करा की ह्याचं मॉडेल."

शनिवारी वर्गाला हे सांगितल्यावर मुलींनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की जालिका करायची आणि माणसाला आत शिरता येईल एवढी मोठी करायची. पण पडदा म्हटलं की कापड आलं, आणि कापड आलं की शिवण आली. शाळेत शिवण शिकवायच्या सुगंधाबाई शिंगाडे. इथं मोठी अडचण होती. बन्सी सर आणि सुगंधाबाई चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं असं. नामांतरासाठी शहर बंद होतं, तेव्हा सुगंधाबाईंच्या नवऱ्याचा, सोनाजीचा, कारखान्यातला खाडा पडला होता. शिक्षकांच्या खोलीत त्या वैतागून म्हणाल्या, "नाव बदलल्यानं कुणाच्या घरी चूल पेटती का?" बन्सी सर म्हणाले, "ज्याचं घरच पेटलं, त्याला विचारा." एवढंच. पण तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की एक जण खिडकीकडं बघायचा. निरोप असला तर शिपायामार्फत जायचा.

सोमवारी मधल्या सुट्टीत बन्सी सर शिवणाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. सुगंधाबाई मशीनला तेल घालत होत्या.

"बाई, एक काम होतं. शाळेचं आहे."

सुगंधाबाईंनी वर पाहिलं. "बसा."

त्यांनी फोटोवरून काढून आणलेलं चित्र पुढं ठेवलं. सुगंधाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. शिंप्याच्या नजरेनं त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली.

"एकपदरी का दोनपदरी?"

"दोनपदरी. मध्ये पोकळी पाहिजे."

"सगळी पोकळी एकच, का घडीघडीची येगळी?"

"एकच. इथून तिथवर."

"मग मधी टीप घालता यायची नाय. कडंनंच शिवावं लागंल." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आन् हे ठिपके काय?"

"रायबोझोम. प्रथिनं तयार करणारे. ज्वारीचे दाणे चिकटवावे म्हणतो."

"आतून चिकटवायचे का बाहेरून?"

बन्सी सरांनी चित्रावर बोट ठेवलं. "बाहेरून. प्रथिनाचा धागा बाहेर विणला जातो आणि विणता विणताच आत सरकवला जातो."

"आत कशाला?"

"घडी बसवायला. धागा नुसता असून उपयोग नाही. त्याला नेमक्या घड्या पडल्या तरच तो कामाचा. घडी चुकली तर जालिका त्याला पुढं जाऊ देत नाही. परत तोडून टाकायला पाठवते. जे नीट असेल ते लहान लहान थैल्यांत भरून पुढं गॉल्गी पिंडाकडं जातं आणि तिथून ज्याच्या त्याच्या ठिकाणी."

सुगंधाबाईंना हे फार आवडलं. "मीबी पोरींचे काज वाकडे आले की उसवायलाच लावते," त्या म्हणाल्या. "पोरींना वाटतं, बाई खडूस हाय."

"आम्हालाही तसंच वाटतं," बन्सी सर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. सुगंधाबाई हसल्या. चार वर्षांत पहिल्यांदा.

काम सुरू झालं. सोनाजीनं कारखान्यातून चिंध्या म्हणून टाकलेलं पांढरं कापड मागून आणलं. बांबूच्या चौकटीवर घड्या टांगल्या. मुली पिठाची खळ शिजवायच्या आणि एकेक दाणा चिकटवायच्या. घड्यांच्या मध्ये एक जण वाकून जाईल एवढी वाट होती. नसीम दिवसातून चारदा आत शिरून बाहेर यायची आणि "हां, अब समझी" म्हणायची. गुळगुळीत जालिकेच्या नळ्या मात्र राहूनच जात होत्या. तेवढं कापडही उरलं नव्हतं, वेळही नव्हता.

मग संक्रांत आली, आणि त्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळाल्याची बातमी आली. बन्सी सर घरी रेडिओजवळ बसले होते. बातमी संपल्यावर कडूबाईंनी विचारलं, "पुन्हा सांगतील का रं?" पुढच्या बातम्यांना पुन्हा सांगितलं. कडूबाईंनी तेही बसून ऐकलं. मग त्या उठल्या, तोंड धुतलं आणि ठेवणीतलं पांढरं पातळ नेसल्या. कुठं जायचं नव्हतं, तरी नेसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेढ्यांचा डबा घेऊन शाळेत हजर झाल्या. व्हरांड्यात सुगंधाबाई मुलींबरोबर दाणे चिकटवत बसल्या होत्या. कडूबाईंनी पहिला पेढा त्यांच्यासमोर धरला. बन्सी सर खोलीतून पाहत होते. त्यांना वाटलं, आता पुढं जावं का थांबावं.

सुगंधाबाईंनी हाताची खळ पदराला पुसली, पेढा घेतला आणि तोंडात टाकला. मग पिशवीतून तिळाची वडी काढून कडूबाईंच्या हातावर ठेवली.

"मावशी, लई वर्सं लागली तुमाला."

"सोळा लागली माय. पर लागलं नाव."

"माझी पोरगी बारावीला हाय. ती जाईल आता त्याच विद्यापीठात. नवं नाव लिवलेला कागद मिळंल तिला." सुगंधाबाई खोलीच्या दाराकडं बघून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "सरांच्या कागदावर मातर जुनंच नाव असंल."

"जुनंच आहे," बन्सी सर बाहेर येत म्हणाले.

"मग पुन्हा शिका की. कोण नको म्हनतंय."

कडूबाईंनी टांगलेल्या कापडाकडं बोट करून विचारलं, हे काय मांडलंय. बन्सी सरांनी त्यांना सगळी जालिका समजावून सांगितली. गुळगुळीत जालिका चरबी तयार करते, आणि बरगड्यांखालच्या यकृतात औषधाचा, विषाचा जोर मोडून काढते, हेही सांगितलं.

"म्हंजे माज्या गुडघ्याच्या गोळ्याबी तिथंच जात्यात व्हय?"

"हो माय."

"मग त्या गुळगुळीतीला नीट शिव बाई," कडूबाई सुगंधाबाईंना म्हणाल्या. "तिच्यावर लई भार हाय."

रविवारी खळ वाळावी म्हणून सगळी जालिका शाळेमागं उन्हात बांधली होती. शाळेमागं रिकामे प्लॉट होते. कारखाने यायचे होते, अजून आले नव्हते. तिथं सुगंधाबाईंच्या सासू, बानाबाई, आपली पंधरा-वीस मेंढरं चारायच्या. मेंढरांना रोज काटेरी झुडपं मिळायची. त्या दिवशी समोर पांढऱ्या कापडावर ज्वारी लावून ठेवलेली दिसली. बानाबाई झाडाखाली पान लावत होत्या. पान लावून होईपर्यंत जालिकेची खालची अर्धी बाजू साफ झाली होती. मेंढरांनी दाणे तर खाल्लेच, वर खळही चाटून घेतली.

बन्सी सर आले तेव्हा बानाबाई काठी टेकून उभ्या होत्या.

"गुरुजी, कापड नाय फाडलं. म्या बघितलं. निस्ते दाणे गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन होतं. वाणी बंद, खळ संपलेली, मुली घरी गेलेल्या. शिपायाला पाठवून त्यांनी सुगंधाबाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, कापडाभोवती एक फेरी मारली, बोटानं चाटलेला भाग चाचपला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"बाई, हसताय काय?"

"सर, हात लावून बघा. कशी लागती?"

बन्सी सरांनी हात फिरवला. "गुळगुळीत," ते म्हणाले. मग त्यांनाही हसू आलं.

"मेंढरांनी अर्धं काम केलं. आता ह्याच्या नळ्या तेवढ्या पायजेत," सुगंधाबाई म्हणाल्या. त्या शिवणाच्या खोलीत गेल्या आणि एक गाठोडं घेऊन आल्या. मुलींनी वर्षभर सरावाला शिवलेल्या झंपरांच्या बाह्या होत्या, कुठली आखूड, कुठली लांब, कुठली खांद्याशी सैल. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून त्या बाह्या चाटलेल्या घड्यांना एकीला एक जोडल्या. बानाबाई शेजारी बसून सुया ओवून देत होत्या आणि मधूनमधून मेंढरांना शिव्या घालत होत्या. खडबडीत पडदा पुढं सरकत बाह्यांच्या जाळ्यात उतरला. ते फोटोपेक्षा छान दिसत होतं, असं बन्सी सरांचं मत पडलं.

सोमवारी सगळं टेम्पोत भरलं. बन्सी सर, सुगंधाबाई, नसीम आणि दोन मुली असे सगळे मागं उभे राहिले. प्रदर्शन क्रांती चौकाच्या पुढच्या एका शाळेत होतं. जालना रोडनं टेम्पो सिडकोपर्यंत ठीक आला. पुढं मिरवणूक लागली. निळे झेंडे, गुलाल, ढोल, लेझीम, आणि सगळ्यांत पुढं एका जीपवर लाउडस्पीकर. टेम्पो थांबला तो हलेचना.

"किती वेळ लागेल?" बन्सी सरांनी खाली उतरून एका तरुणाला विचारलं.

"काका, सोळा वर्सांची मिरवणूक हाय. लागंल की टाइम," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष टेम्पोकडं गेलं. "आन् हे काय आणलंय? मंडप हाय का?"

"आंतर्द्रव्यजालिका आहे."

"कोण?"

जीपवरच्या माणसानं बन्सी सरांना मोर्च्यांतून ओळखलं. "हिवराळे सर आहेत ते," तो माइकवरूनच म्हणाला, "सर, वर या, दोन शब्द बोला."

बन्सी सर जीपवर चढले. त्यांना घोषणा द्यायची सवय होती. पण त्या दिवशी माइक हातात आला आणि तोंडून भलतंच निघालं. ते म्हणाले, आज आमच्या शाळेच्या मुलींनी पेशीच्या आतलं एक घर शिवलंय. तुमच्या-माझ्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते आहे, कुणाचंही आडनाव न विचारता. तिथं प्रथिनं घडतात. ढोल वाजवायला, लेझीम फिरवायला स्नायू आखडतो, त्याला लागणारं कॅल्शियम तिथंच साठवलेलं असतं. हे ऐकून ढोलवाल्यानं टिपरी हवेत धरून आपल्या दंडाकडं पाहिलं.

"सर, मंग ते प्रदर्शनाला टाइमात पोचायला पायजे," मघाचा तरुण म्हणाला. "टेम्पो नाय जायचा. आपण नेऊ."

आणि त्यांनी नेली. चार जणांनी चौकटीचे कोपरे धरले, आठ-दहा जणांनी घड्या डोक्यावर घेतल्या, बाह्या वाऱ्यावर हलत होत्या. गर्दी दोन्ही बाजूंना सरून वाट देत होती. नसीम पुढं चालत ओरडत होती, "दाने मत गिराओ, भाई, दाने मत गिराओ." सुगंधाबाई एका हातानं घडी सांभाळत, दुसऱ्या हातानं डोळ्यांत गेलेला गुलाल पुसत चालल्या होत्या.

प्रदर्शनात पोचले तेव्हा परीक्षकांची शेवटची फेरी चालू होती. जालिकेवर ठिकठिकाणी गुलाल पडला होता. तौर सर चपला काढून, वाकून घड्यांमधून आत गेले आणि बाह्यांच्या बाजूनं बाहेर आले.

"खडबडीत आणि गुळगुळीत भाग इथं एकमेकांत मिसळलेत. असं असतं का?" त्यांनी नसीमला विचारलं.

"हो सर. पडदा एकच आहे. दाणे चिकटले की खडबडीत, सुटले की गुळगुळीत. पेशीला जसं काम पडेल तसं बदलतं."

"हे कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही. काल आमची मेंढरांनी खाल्ली."

तौर सरांनी बन्सी सरांकडं पाहिलं. बन्सी सरांनी मान डोलावली.

पहिला नंबर सौरचुलीला गेला, दुसरा एका ज्वालामुखीला. जालिकेला उत्तेजनार्थ मिळालं. मुली थोडा वेळ नाराज झाल्या, मग भेळ खाऊन बऱ्या झाल्या.

परतीला शहर बसनं आले. गुंडाळलेली जालिका मागच्या बाकावर मुलींच्या मांडीवर होती. बन्सी सर आणि सुगंधाबाई पुढच्या बाकावर एकाशेजारी बसले होते.

"सर, तुमचं गाव कोणतं?" सुगंधाबाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

बन्सी सरांनी गाव सांगितलं. घराला चिंचेचं झाड होतं, आईच्या हातची चूल होती, आग लागली तेव्हा आपण शाळेच्या पुस्तकांसाठी आत पळालो होतो आणि मायनं शर्ट धरून मागं ओढलं, हेही सांगितलं. सुगंधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सिडको मागं पडलं तेव्हा म्हणाल्या, "आमचं गाव गेलं नाय, पर चराई गेली. सगळे प्लॉट पडले. आत्याबाई अजून रोज तिथं जाऊन बघतात, कुठं गवत हाय का." मग म्हणाल्या, "रविवारी मावशीला घेऊन घरी जेवायला या. बाजरीची भाकरी करते."

"येतो," बन्सी सर म्हणाले.

आणि ते गेले. कडूबाई आणि बानाबाई एका सतरंजीवर बसल्या. ठेच्यात शेंगदाणा घालावा का घालू नये, यावर दोघींचं जे सुरू झालं ते दुपार उतरली तरी संपलं नाही. सोनाजीनं दोन्ही बाजूंचा ठेचा खाऊन निकाल द्यायचं टाळलं. शेवटी पुढच्या रविवारी कडूबाईंकडं जमायचं आणि तिथं पुन्हा करून बघायचं, असं ठरलं.